सौम्य नकार

भूपाल मगदूम यांच्या दाराची तक्रार पाचव्यांदा आली, तेव्हा हर्षदा कोळेकर मनातून चिडली. एकच दार, एकच तक्रार, आणि चार महिन्यांत पाच खेपा. 'दार आतून उघडत नाही.' एकोणीस वर्षं ती हे काम करत होती. बँकांची सरकती दारं, दवाखान्यांची झुलती दारं, फ्लॅटची मोटरवर चालणारी दारं. मोटर जळलेली असो, चौकट खचलेली असो, नाहीतर सेन्सरमध्ये पालीनं अंडी घातलेली असोत, हर्षदाच्या हातून गेलेलं दार सहसा पुन्हा तक्रारीला येत नसे. नव्यानं कामाला लागलेल्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, की माणूस खोटं बोलेल, दार खोटं बोलत नाही. त्याला काय होतंय ते ते सांगतं, ऐकणारा पाहिजे.

मगदूम सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. वय चौऱ्याहत्तर, अंगानं शिडशिडीत, भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा अभिनंदन म्युनिकला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानंच 'उंबरठा' कंपनीचं हे दार बापाच्या घराला बसवून घेतलं होतं. हात लावायची गरज नाही, किल्ली हरवायची भीती नाही, माणूस ओळखून आपोआप उघडतं, अशी त्याची ख्याती होती. त्या दोन-तीन वर्षांत सांगली-मिरजेत अशी दारं घरोघर झाली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तर हटकून.

हर्षदानं नेहमीचं सगळं केलं. बॅटरी तपासली, मोटर किती वीज खेचते ते पाहिलं, दार आणि चौकट यांच्यात कागदाची पट्टी सरकवून फट मोजली, बोल्टला तेल दिलं. मग तीस वेळा दार उघडून मिटून दाखवलं. तीसही वेळा ते लोण्यासारखं उघडलं.

"तुमच्यासमोर उघडणारच," मगदूम म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरून एक वही आणली.

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, घरात दुसरं कोण होतं, दार उघडलं की नाही. मोजणीच्या नकाशावर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरात एकशे साठ नोंदी होत्या. मगदूमांनी दोनच गोष्टींवर बोट ठेवलं. दार रीसेट केल्यापासून पहिले चौदा दिवस एकदाही अडत नाही. आणि त्यानंतर अडतं ते फक्त ते एकटे असताना. कामवाल्या मावशी शेजारी उभ्या असल्या की उघडतं. यंत्र बिघडलं असेल तर ते माणूस बघून बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हर्षदाला ते पटलं.

मग तिनं आजवर केलं नव्हतं ते केलं. रीसेट न करता ती बाहेर पडली, दार लावून घेतलं आणि जिन्याच्या वळणावर टॅबलेट उघडून बसली. मगदूमांना तिनं पाच मिनिटांनी एकट्यानं बाहेर यायला सांगितलं होतं. पाच मिनिटांनी आतून दाराचा गोड आवाज ऐकू आला. "तांत्रिक अडचण आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." टॅबलेटवर मात्र बिघाडाची लाल खूण उमटली नाही. तिथं एक ओळ आली: नकार, कारण सात.

दार न उघडण्याची सहा कारणं हर्षदाला पाठ होती. सातवं तिच्या पुस्तकात नव्हतं.

तिनं तिथूनच पेठकरांना फोन लावला. पेठकर कंपनीचे विभागप्रमुख. त्यांनी काही लपवलं नाही. उलट इतके दिवस तिच्या कसं लक्षात आलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

"बिघाड नाहीये तो," ते म्हणाले. "दार अगदी बरोबर काम करतंय."

त्यांनी सांगितलं ते असं. दारापुढच्या छतात बोटभर आकाराचा एक रडार असतो. त्याच्या लहरी माणसाच्या पायांवर आपटून परत येतात आणि प्रत्येक पाऊल किती वेळात पडलं ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत मोजतात. माणूस ओळखायची ही जुनीच युक्ती, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. पण लाखो माणसांची पावलं मोजता मोजता एक जास्तीची गोष्ट हाती लागली. धडधाकट माणसाची पावलं घड्याळासारखी पडतात, एका पावलाच्या आणि दुसऱ्याच्या वेळेत शेकडा दोनाचा फरक. चालणं हे पायांचं काम वाटतं, खरं ते मेंदूचं असतं. मेंदूत कुठं झीज सुरू झाली की विसरभोळेपणा दिसायच्या कितीतरी आधी पावलांचा ताल सुटतो. फरक शेकडा पाचाच्या वर गेला, की तो माणूस घराबाहेर एकटा पडून वाट चुकण्याचा धोका दार हिशेबात धरतं आणि उघडत नाही. आग लागली तर उघडतं, सोबत कोणी असलं तर उघडतं. एकट्याला नाही.

हर्षदानं विचारलं, मग तसं स्पष्ट का सांगत नाही?

तेही करून पाहिलं होतं, पेठकर म्हणाले. सुरुवातीला दार सांगायचं की तुमच्या सुरक्षिततेसाठी तुम्हाला थांबवलं आहे. म्हातारी माणसं भांडायची, दारावर काठ्या मारायची, मुलांना फोन करून रडायची. मग कंपनीनं शब्द बदलले. तांत्रिक अडचण म्हटलं, की माणूस शांतपणे जाऊन खुर्चीत बसतो. याला कंपनीत 'सौम्य नकार' म्हणत. फारच कटकट झाली, की तंत्रज्ञ पाठवायचा. तो रीसेट करतो, दार चौदा दिवस नव्यानं चाल शिकतं, तोवर सगळ्यांना उघडतं, आणि तक्रार करणाऱ्याचं समाधान होतं. मुलांनी संमतीपत्रावर सही केलेली असते. तेव्हा तिनं ग्राहकाला काही न बोलता रीसेट करावं आणि पुढच्या कामाला जावं.

हर्षदा जिन्यावर बसून राहिली. चार महिन्यांत ती या घरी पाचदा आली होती. पाचही वेळा गुडघे टेकून बसली होती, स्क्रू काढले होते, तेल दिलं होतं, 'आता नाही अडायचं, काका' म्हणाली होती. ते सगळं नाटक होतं, आणि त्यातलं मुख्य पात्र ती होती. तिला न सांगता तिच्याकडून ते करून घेतलं होतं. एकोणीस वर्षांच्या हातांचा या लोकांनी उपयोग केला तो एका म्हाताऱ्याला गप्प बसवण्यासाठी. 

ती परत वर गेली आणि मगदूमांना सगळं सांगून टाकलं.

 सगळं ऐकून त्यांनी आपला आकडा काय ते विचारलं. तिनं टॅबलेटवर पाहून सांगितलं, सहा पूर्णांक एक. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

"मी छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या, बाई," ते म्हणाले. "ज्याची जमीन त्याला, आणि त्याच्या बांधाला लागून ज्यांची जमीन त्या सगळ्यांना आधी नोटीस जायची. नोटीस न देता केलेली मोजणी आम्ही मोजणीच धरत नव्हतो. आणि माझ्या घरात माझी पावलं दोन वर्षं रोज मोजली, तर मला नोटीस नाही."

त्यांनी मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. म्युनिकला सकाळचे साडेसहा वाजले होते. अभिनंदन आधी गोंधळला, मग त्याचा आवाज चिरकला. दोन वर्षांपूर्वी पप्पा अंकलीच्या पुलावर सापडले होते, तीन तास त्यांना घरचा पत्ता सांगता येत नव्हता, खाली कृष्णेला पाणी होतं, आणि तो विमानतळावर बसून फोनवर फोन करत होता. पुन्हा तसं झालं तर तो तिथून काय करणार होता? हर्षदाला त्याचा राग येईना. तो खरोखर घाबरलेला होता.

"विसरतो मी, ते मी नाकारत नाही," मगदूम म्हणाले. "पण दार बिघडलंय असं मला का वाटू दिलंस, अभि? बिघडतोय मी. ते मला कळायला नको होतं?"



हर्षदा खाली येऊन स्कूटरवर बसली, पण तिनं ती सुरू केली नाही. तिच्या डोक्यात आता दुसरंच एक दार होतं. तिच्या स्वतःच्या घरचं.

कुपवाडच्या घरी तिची आई, शालन, तिच्याजवळ राहत होती. एकोणसत्तर वर्षांची. हळदीच्या गोदामात तीस वर्षं काम केलेली, पायात भिंगरी असलेली बाई. दुपारी दोन घास खाल्ले की दोन गल्ल्या पलीकडे सुगंधाबाईंकडे जाऊन बसायची; गोदामातली मैत्रीण ती. गेल्या वर्षी कंपनीनं कर्मचाऱ्यांना दारं दिली तेव्हा हर्षदानं स्वतः ते घराला बसवलं. संमतीच्या अकरा खुणा तिनं पार्किंगमध्ये उभ्या उभ्या, न वाचताच केल्या होत्या. रोज संध्याकाळी तिच्या फोनवर एक हिरवं पान उमटायचं: आई सुरक्षित आहेत. ते पाहून तिला बरं वाटायचं. आईनं बाहेर जाणं सोडलं हे तिच्या लक्षात आलं होतं, पण तिनं ते वयावर घातलं. रविवारी दोघी बरोबर बाहेर पडत, तेव्हा दार बिनतक्रार उघडायचं.

तिनं टॅबलेटवर आपल्याच घरचा पत्ता टाकला. नकार, कारण सात. दोनशे एकतीस वेळा. पहिला आठ महिन्यांपूर्वीचा.

तारखा वाचताना ती एका जागी थांबली. अकरा फेब्रुवारी ते नऊ मार्च, दिवसातून पाच वेळा, कधी सहा वेळा. त्याच महिन्यात सुगंधाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आई एकदाही त्यांना भेटायला गेली नव्हती. पाय दुखतोय म्हणाली होती. दहा मार्चला हर्षदानं रजा काढून तिला अंत्ययात्रेला नेलं, तेव्हा आई सुगंधाबाईंच्या सुनेशी नजर मिळवत नव्हती, आणि हर्षदाला ते विचित्र वाटलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. हर्षदानं बॅगही खाली न ठेवता विचारलं, दार उघडत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?

शालननं आधी काही नाहीच म्हणून पाहिलं. मग हातातली जुडी बाजूला ठेवली. तिला वाटलं होतं, की दार सगळ्यांना उघडतंय, तर बिघाड आपल्यातच आहे. आपलंच काहीतरी चुकतंय, कुठंतरी उभं राहायचं विसरतोय, बटण दाबायचं विसरतोय. पहिल्या आठवड्यात तिनं दारापुढं वेगवेगळ्या लुगड्यांत उभं राहून पाहिलं होतं, चष्मा काढून पाहिलं होतं.

"आणि तू दारं दुरुस्त करणारी," ती म्हणाली. "माझ्या आईला दार उघडाय येत न्हाई, हे तू कुणाला सांगणार? म्हटलं, डोकं कामातनं चाललंय माझं. जाऊ दे तेवढं तरी गुपचूप."

हर्षदानं तिला सगळं सांगितलं. दाराला काही झालेलं नव्हतं, दारानं मुद्दाम अडवलं होतं, खोटं बोललं होतं, आणि त्याला तशी परवानगी हर्षदानंच दिली होती. शालननं ऐकून घेतलं. मग तिनं फक्त एवढंच विचारलं, की सुगंधा बोलवत होती त्या दिवसांतसुद्धा?

"हो," हर्षदा म्हणाली.

शालन उठून आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा लेकीशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षदानं दाराचं आतलं झाकण काढलं, रडारची वायर कापली आणि आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तळव्यांना सुई टोचून पाहिली. शालनला ती जाणवतच नव्हती. रक्तात बी-बारा जीवनसत्त्व जवळपास संपलं होतं. त्यामुळं नसा बधिर होतात आणि पाऊल अंदाजानं पडतं. डोकं ठणठणीत होतं. इंजेक्शनं सुरू झाली. पण तळव्यांची जाणीव पुरती परत येईल की नाही हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. सहा-आठ महिने आधी आला असतात तर, असं ते म्हणाले.

त्या वाक्यानं हर्षदाचा उरलासुरला संयम गेला. आठ महिन्यांपूर्वी दाराला कळलं होतं. पावलांचा ताल सुटल्याचं साऱ्या जगात सगळ्यात आधी त्या बोटभर यंत्राला समजलं होतं. एक ओळ हर्षदाला पाठवली असती, आईची चाल बदलली आहे, डॉक्टरांना दाखवा, एवढी जरी, तरी काम झालं असतं. यंत्राजवळ ती ओळ होती. पण आकडे कळवले की घरचे लोक काळजीनं सारखे फोन करतात, म्हणून कंपनीनं आकड्यांच्या जागी हिरवं पान ठेवलं. एवढी मोठी विद्या हाती आली आणि या शहाण्यांनी तिचं काय केलं, तर कडी.

टॅबलेटमधून तिनं आपल्या हद्दीतले कारण सातचे पत्ते काढले. त्रेचाळीस घरं. बहुतेकांच्या दारांपुढं तिनं स्वतः गुडघे टेकलेले होते. चार दिवस ती कंपनीचा गणवेश घालून घरोघर गेली, आणि प्रत्येक ठिकाणी म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून सांगितलं की तुमचं दार बिघडलेलं नव्हतं, मी तुम्हाला खोटं सांगत होते, आणि मी खोटं सांगते आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. आतल्या झाकणाखाली हातानं दार उघडायची खिट्टी असते. ती कंपनीनं सोडवून ठेवलेली होती. जे हवी म्हणाले त्यांना तिनं ती जोडून दिली.

एक निवृत्त मुख्याध्यापिका ऐकता ऐकता रडायला लागल्या. वेड लागतंय या भीतीनं त्यांनी वर्तमानपत्र वाचणं सोडलं होतं, कारण वाचलेलं लक्षात राहिलं नाही तर काय, असं त्यांना वाटायचं. एका घरी सुनेनं हर्षदाला फैलावर घेतलं. सासरे गॅस चालू ठेवून बाहेर पडले होते, एकदा नव्हे, तीनदा. उद्या खिट्टी ओढून ते महामार्गावर गेले तर तू येणार आहेस का शोधायला?  त्या घरची खिट्टी हर्षदानं जोडली नाही, पण सासऱ्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, सूनबाईंचं बरोबर आहे, पण हे मला त्यांनीच सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

चौथ्या दिवशी कंपनीनं तिचा टॅबलेट बंद करून टाकला. ऑफिसमध्ये हत्यारांची पेटी आणि गणवेश जमा करून घेतला. काढून टाकल्याच्या पत्रात कारण लिहिलं होतं: ग्राहकांचा विश्वासभंग. तिनं ते पेठकरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि हे लिहिताना तुम्हाला लाज वाटली का, असं विचारलं. 

नोकरी गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, तिनं जोडून दिलेल्या खिट्टीनं दार उघडून बाहेर पडलेले मगदूम वाट चुकले. साखर कारखान्याच्या रस्त्याला ते दुपारभर फिरत राहिले, आणि चारच्या सुमारास एका चहावाल्याला रस्ता विचारून घरी आले. अभिनंदननं हर्षदाला फोन करून तोंडाला येईल ते सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कारण त्या दुपारी मगदूमांना काही झालं असतं तर ते आपल्या माथी आलं असतं, हे तिलाही कळत होतं. ती दोन दिवस नीट जेवली नाही.

मग मगदूमांनी तिला बोलावून घेतलं. त्यांनी एक कागद तयार केला होता. घराबाहेर पडताना मी फोन जवळ ठेवीन, मी कुठं आहे ते माझ्या मुलाला दिसेल, शेजारचे पाटील आणि कोपऱ्यावरचे वाणी यांना माझ्या आजाराची मी स्वतः कल्पना दिली आहे. या सर्वाला माझी संमती असून ती मी केव्हाही काढून घेऊ शकतो. खाली त्यांची सही होती. पलीकडून अभिनंदननंही सही पाठवली होती. साक्षीदाराची जागा हर्षदासाठी मोकळी ठेवली होती. तिनं सही केली.

मग दोघांनी कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आणि तिला मगदूमांची वही पहिलं कागदपत्र म्हणून जोडली. त्रेचाळीसपैकी एकोणतीस घरांनी सह्या दिल्या. कंपनीनं उत्तरात म्हटलं, की 'तांत्रिक अडचण' हे शब्द ज्येष्ठांच्या भावना दुखावू नयेत म्हणून प्रेमानं योजलेले होते. सुनावणीच्या तारखा पडताहेत.

हर्षदा आता स्वतःचं काम करते. दुकानांची शटरं, गोदामांची फाटकं. परवा काम लवकर आटोपून ती दुपारी तीनला घरी आली, तर दाराला बाहेरून पितळी कुलूप. कापलेल्या वायरीचं दार नुसतं ढकलून लावायचं झालं होतं. आईनं बाजारातून कधी कडीकोयंडा आणला आणि कुणाकडून ठोकून घेतला, तिला पत्ता नव्हता. किल्ली एकच, आणि ती आईकडे. आईला लावलेला फोन आत घरात वाजत होता.

कुलूप साधं होतं. हर्षदाला ते उघडायला अर्धं मिनिट लागलं नसतं. तिनं पिशवीत हात घातला, मग काढून घेतला, आणि पायरीवर बसली.

शालन साडेचारला आली. सावकाश, प्रत्येक पाऊल बघून टाकत. सुगंधाबाईंच्या सुनेकडे गेली होती ती. तिला सगळं सांगून आली होती. पायरीवर बसलेल्या लेकीकडे तिनं पाहिलं. उन्हानं हर्षदाचा चेहरा लाल झाला होता, आणि कुठं गेली होतीस, सांगून तरी जायचं, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"मी आठ महिने बसले," शालन म्हणाली. "तू दीड तास बसलीस."

तिनं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आणखी एक किल्ली करून घेऊ का, असं हर्षदाला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही.